कोऱ्या कागदावरचे सात डाग

ती. आक्कास,

उभ्यानेच नमस्कार. (डॉक्टरीणबाईंनी सध्या वाकायला मनाई केली आहे, त्यामुळे पाया पडणं उधार ठेवावं.) तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि दोघांची रोजची वादावादी हे सगळं पूर्ववत असेल अशी आशा आहे.

गेल्या महिन्यात मी छापखान्यात स्वतःची शोभा करून घेतली. एकतीस वर्षं प्रुफं तपासतोय, पण एका जाडजूड पुस्तकाच्या पानांवर मला जागोजागी बारीक काळे ठिपके दिसू लागले. मी प्रत्येकाभोवती लाल गोल काढून समासात लिहिलं, 'डाग काढा.' मशीनवाल्याने रूळ पुसले, पानं पुन्हा काढली. डाग जिथल्या तिथे. मी आणखी मोठे गोल काढले आणि त्याला चार शब्द सुनावले. (चार कसले, चांगले चाळीस.) तिसऱ्या खेपेला तो कोरा कागद घेऊन आला आणि म्हणाला, "काका, ह्यावर दाखवा बरं." मी दाखवले. सात निघाले. तो हसला नाही, तेच मला जास्त लागलं.

मग डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर म्हणे केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं त्यांच्या भिंती कमकुवत करते. आधी त्यांना बारीक फुगे येतात, मग त्या झिरपू लागतात, काही बुजूनच जातात. उपाशी पडलेला पडदा मग नव्या वाहिन्या वाढवून घेतो, आणि ह्या इतक्या तकलादू की सहज फुटतात. (घाईघाईत नेमलेली माणसं अशीच निघतात, आमच्या मालकांचा भाचा तुला ठाऊकच आहे.) माझे डाग म्हणजे तेच सांडलेलं रक्त. ह्यात दुखत काहीच नाही, आक्का. एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी मला जेवण जात नाही, आणि आत इतकी वर्षं हे चाललेलं मला कळलं नाही. गेलेली नजर लेझरने परत येईल का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "आहे ती राखू या." त्यानंतर मी बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून होतो. खरं सांगतो, फार भीती वाटली.

बाकी सर्व ठीक. लेझर झालं. मालक सध्या मोठ्या टाइपाची कामं देतात. मशीनवाल्याची माफी मागितली. काळजी नसावी.

तुझा धाकटा

ता. क. 'काळजी नसावी' खोडावे. तुझी साखर माझ्या साखरेपेक्षा सहा वर्षांनी जुनी आहे. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही. थेंब घालून आतला पडदा बघावा लागतो. येत्या बुधवारी सकाळी दहाची वेळ मी तुझ्या नावाने घेतली आहे. मी न्यायला येतो.

पुन्हा ता. क. 'मला सगळं स्वच्छ दिसतं' असं उलट कळवू नकोस. बाबाही शेवटपर्यंत तेच म्हणत आणि वर्तमानपत्र उलटं धरून बसत. आपण दोघं तेव्हा हसलो होतो.