तिसऱ्या हाकेच्या आधी

प्रिय बाळा,

परवा दुपारी डोळा लागता लागता तुझी ती जुनी आरोळी कानात वाजली, ‘हजर!’ पाच वर्षांचा होतास तेव्हाची, पडलेल्या दाताच्या फटीतून शिट्टी निघणारी. जेवणाच्या वेळी मी कोर्टातल्यासारखं तुझं पूर्ण नाव पुकारायचो आणि तू पलंगाखाली दडून पहिल्या दोन हाका मुद्दाम सोडून द्यायचास. तिसरीला मात्र रांगत बाहेर येऊन छाती काढून उभा! आई म्हणायची, बापाला कोर्टात कुणी विचारत नाही, म्हणून घरात न्यायाधीश होतो.

खोटं नव्हतं ते. एकतीस वर्षं मी कोर्टाच्या दारात उभा राहून लोकांची नावं पुकारली. खांद्यावर लाल पट्टा, अधिकार शून्य. तिथे माझं स्वतःचं असं काही असेल तर तो आवाज. शाळेत कवितेच्या तासाला गुरुजी मलाच उभं करायचे, ती खोड काही गेली नाही. नावंसुद्धा मी चालीवर म्हणायचो, शेवटचं अक्षर लांबवून. एकदा जज्जसाहेबांनी आतून निरोप धाडला, अहो, साक्षीदार बोलवा, कविता नको! नियम तीन हाकांचा. तिसरीलाही कुणी आलं नाही तर आत जाऊन सांगायचं, ‘पुकारा केला, गैरहजर.’ मी मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या हाकेच्या मध्ये जरा रेंगाळायचो. जिन्यात असेल बिचारा, धापा टाकत.

तिथल्या शब्दांनी मला भुरळच घातली होती. बाहेर माणूस नुसता राहतो, आत तो वास्तव्य करतो. बाहेर मरतो, आत मयत होतो. आणि ‘हुकूम’ हा शब्द साहेब किती हळू उच्चारायचे म्हणून सांगू! कागदावरची नजर न काढता, जणू कुणाकडे पाणी मागताहेत. ज्याच्या हातात सत्ता असते त्याला ओरडावं लागत नाही रे. ओरडायचो मी.

तुझ्यावरही ओरडलो. साहेबांच्या हातापाया पडून तुला मिळवून दिलेली कोर्टातली कारकुनी तू सोडून आलास, त्या संध्याकाळी. ‘या घरात माझा हुकूम चालतो, चालता हो.’ सूनबाई भाजी निवडत होती, तिचे हात जागच्या जागी थांबले. तू चपला घातल्यास, जिना उतरलास. खालच्या वळणावर थांबलास. थांबला होतास, बाळा, मला ऐकू आलं होतं. एक हाक पुरली असती. परक्यांना, चोरालबाडांना मी तीन-तीन हाका मारल्या आणि पोटच्या पोराला एक नाही. कोर्टाच्या हुकमावर अपील असतं, स्थगिती असते. तू माझ्याकडे काहीच मागितलं नाहीस. नुसता हुकूम पाळलास.

नऊ वर्षं झाली. आई तीन वर्षांपूर्वी गेली, हे तुला कुणी सांगितलं असेल का? शेवटपर्यंत तिने तुझं ताट मांडणीवरून हलवू दिलं नाही. अजून तिथेच आहे. मी अधूनमधून पुसतो.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहायला हवं. सूनबाई नोकरी करते त्या दवाखान्यात औषधं देणारा एक भला माणूस आहे. त्याने तिला मागणी घातली. मी विषय काढला तर ती म्हणाली, बाबा, मी लग्न झालेली बाई आहे, असलं काही बोलू नका. पण मीच हट्टाला पेटलो. सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर कोर्ट त्याला मयत मानतं. अर्ज मीच लिहिला, सुवाच्य अक्षरात. ‘हयात असल्याचे ऐकिवात नाही’ एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. बऱ्याच वेळाने उचललं. सूनबाईने रडत सही केली. आता तुझ्या नावाची नोटीस तुझ्या शेवटच्या पत्त्यावर, म्हणजे इथेच येणार. दारात तीन हाका मारतात आणि कुणी आलं नाही तर ती दाराला चिकटवून जातात. त्याआधी घरातून तुला निदान एक हाक जावी, म्हणून लिहायला बसलो. पत्र टाकायचं कुठे ते ठाऊक नसताना. नोटीस पुढच्या आठवड्यात येईल असं म्हणाले होते. पण आत्ता, हे लिहीत असतानाच, जिन्यात बूट वाजले. दाराशी येऊन थांबले. तुझं पूर्ण नाव, शेवटचं अक्षर लांबवून. माझीच चाल. माझ्या जागी आलेल्या शिपायाला मीच ती शिकवली होती. दुसरीही हाक झाली. आता तो थांबलाय. तेही मीच शिकवलंय त्याला, जिन्यात असेल बिचारा, धापा टाकत. मी अजून दार उघडलेलं नाही. ये ना रे.

तुझाच,
बाबा