सासूबाईंच्या स्वागताचं कडं

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सासूबाई रविवारी हॉस्पिटलमधून थेट आपल्याकडे येणार. माकडहाड दुखावलंय. आमच्याच हॉलमध्ये घसरल्या. फरशीला पॉलिश मी केलं होतं, हे खरं. पण चालणाऱ्यानेही बघून चालावं. तेव्हापासून बोलत नाहीत. भेटायला गेलो की भिंतीकडे तोंड करतात. कुशीवरच झोपावं लागतं, म्हणून असेल.

बायकोने एकच काम सांगितलंय. बसायला मधे भोक असलेली रबरी गादी आणायची. मेडिकल कोपऱ्यावरच आहे. उद्या आणतो.

पण गादीने हाड बरं होईल, मन कसं होणार? व्हिडिओ पाहिला. एक बाई घरातल्या टाकाऊ वस्तूंचं फुलांचं कडं करते आणि दारावर लावते. फुकटात काम. सासूबाई जिना चढून आल्या, की दारातच राग विरघळला पाहिजे. ठरलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

तारेचे हँगर सरळ करून गोल केले. गोल नाही झाले, दुधी भोपळ्यासारखे झाले. व्हिडिओत चार मिनिटं लागतात. बाईने मधले तास कापले असणार. माझे शर्ट सध्या पलंगावर आहेत. बायको म्हणाली, अहो, गादी? म्हटलं, डोक्यात आहे. ती म्हणाली, डोक्यावर बसणार आहे का आई?

हिला कलेची आवड पहिल्यापासूनच कमी.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत

चित्त थाऱ्यावर नाही. मीटिंगमध्ये नुसती वर्तुळं काढली. साहेबांना वाटलं नोट्स घेतोय.

रात्री

मेडिकलला निघालोच होतो. वाटेत स्टेशनरीचं दुकान लागलं. सोनेरी स्प्रे घेतला. आता तो घरात आहे, म्हणजे घरातलीच वस्तू झाली. वर्तमानपत्राच्या सुरळ्या चिकटवायला डिंक पुरेना, म्हणून कणकेची खळ केली. मुंग्या आल्या. त्यांचंही बरोबर आहे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मुलगी म्हणाली, बाबा, हे उपाशी दिसतंय. पोरीची नजर माझ्यावर गेलीय. जुनी उशी उसवून कापूस भरला, वरून मोजे आणि एका जुन्या परकराच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या. परकर जुना आहे असं मला वाटलं होतं. कडं चांगलं गुबगुबीत झालंय. बायकोने कपाटाला कुलूप लावलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

अंड्यांचे ट्रे कापून फुलं केली. अंडी फ्रिजमध्ये मोकळी ठेवली. एक गडगडलं. पानं म्हणून कपडे वाळत घालायचे सगळे चिमटे लावले. सुंदर! दुपारी वारा सुटला आणि दोरीवरचे कपडे खालच्या शेजारणीच्या बाल्कनीत गेले. बायको कपडे घेऊन आली, सोबत शेजारणीचं माझ्याबद्दलचं मतही घेऊन आली.

पुन्हा गादी. म्हटलं, आणलीच समज.

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळ

कडं दारावर झळकतंय. तीनदा बाहेर जाऊन आत आलो. तीनदा मन भरून आलं. सासूबाई बोलतीलच. नुसतं 'जावईबापू' म्हणाल्या तरी पुरे.

मेडिकल बंद. रविवारी लोक बसत नाहीत का?

संध्याकाळ

सासूबाई आल्या. दारात थांबल्या. कड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही न बोलता आत गेल्या. खुर्चीत टेकल्या आणि अशा कळवळून उठल्या की मुलीच्या हातातलं पाणी सांडलं. बायकोने विचारलं, गादी कुठाय? मी रविवारचा विषय काढला. ती म्हणाली, दुकान सोमवारपासून शनिवारपर्यंत उघडं होतं. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी मला बघवत नाही. मी फरशीकडे बघत राहिलो. अजून चकाकतेय.

सासूबाई भिंतीला धरून उभ्याच. त्यांनी दाराकडे बोट केलं. म्हणाल्या, ते काढून आण गं.

बायकोने कडं खुर्चीवर ठेवलं. सासूबाईंनी एकेक फूल उपटलं. चिमटे मुलीकडे दिले, म्हणाल्या, दोरीला लाव जा. वर टॉवेल घातला आणि सावकाश बसल्या. हँगर कुरकुरले, पण टिकले. सासूबाईंनी डोळे मिटले. आठवड्याभरात पहिल्यांदा टेकले, म्हणाल्या.

सगळे बसलेत. मीच येरझाऱ्या घालतोय. दारावर नुसता खिळा. केराच्या टोपलीत फुलं. वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, कबूल करतो.

आत्ता हाक आली. जावईबापू म्हणाल्या! धावत गेलो. म्हणाल्या, परत जाताना गाडीत बसायला असंच आणखी एक करा. फक्त फुलं नकोत.