असे कार्यालय अस्तित्वात नाही

४ नोव्हेंबर
आले एकदाची रत्नागिरीत! पूर्णगडहून एसटी इथे पोचेस्तोवर अम्मीचे तीन फोन. मारुती मंदिरापाशी गोदाकाकूंकडे खोली मिळाली. बघताक्षणीच म्हणाल्या, हाडं दिसतायत गो तुझी, आधी जेव. नोकरी सरकारी, पण कंत्राटी. चोरून टेप केलेले फोन ऐकायचे आणि आमची कोकणी बोली नीट मराठीत उतरवून द्यायची. दारावर पाटी नाही, गुप्त खातं आहे म्हणे. मला तर भारीच वाटलं.

९ नोव्हेंबर
आज हेडफोनमध्ये चक्क आमच्या शेजारचे जैनुद्दीन चाचा. कुवेतला लेकाला, अक्रमला, सांगत होते की जाळी फाटलीत, सुनेचे दिवस भरत आलेत, आता तरी ये बाबा. मला हसूच आलं. खाली शेरा मारला, ‘घरगुती. आक्षेपार्ह काही नाही.’ माझा हाताने लिहिलेला कागद सवयीप्रमाणे या वहीत ठेवलाय.

१५ नोव्हेंबर
चाचांना उचललं. चार दिवस झाले, कुठे ठेवलंय ते कोणी सांगत नाही. फायलीत माझ्या नावाने टाइप केलेला कागद सापडला. ‘संभाषण अत्यंत संशयास्पद.’ माझं नाव, आणि शब्द त्यांचे. डोक्यात तिडीक गेली. साहेबांना जाब विचारला तर म्हणाले, देशाच्या कामात नाक खुपसू नकोस. मेल्यांनो, नाव वापरताना विचारलंत मला?

१९ नोव्हेंबर
गुप्त खात्यांची तपासणी करायला उद्या विधिमंडळाची समिती येतेय. माझा कागद थेट आमदारांच्या हातात देणार. चाचांना सोडवणारा तेवढाच एक पुरावा आहे. साहेब मात्र गालातल्या गालात हसत होते. त्यांनी समितीला लेखी उत्तर आधीच पाठवलंय की असे कार्यालय जिल्ह्यात अस्तित्वात नाही.

२० नोव्हेंबर
समिती आली तेव्हा आम्हाला आत ठेवून बाहेरून कुलूप घातलं. मी दार बडवलं, घसा फाटेपर्यंत ओरडले. दारापलीकडे हातभर अंतरावर समितीतलं कोणीतरी विचारत होतं, जेवणात सुरमई आहे की पापलेट. त्यांना काही ऐकूच गेलं नाही. याचसाठी निवडून दिलं होतं का यांना?

२१ नोव्हेंबर
काल संध्याकाळी कुलूप निघालं तशी थेट खोलीवर आले होते. आज सकाळी परत कामावर गेले तर ऑफिसच्या दाराच्या जागी सलग चिऱ्याची भिंत, वर जुनं शेवाळ. मागे फिरले तर गोदाकाकू माझी खोली नव्या भाडेकरूला दाखवत होत्या. म्हणाल्या, सहा महिने रिकामीच आहे. मी समोरच उभी होते. अम्मीला फोन लावला. तिने विचारलं, कोण पाहिजे? महरीन बोलतेय म्हटलं. आमच्यात कोणी महरीन नाही, म्हणाली. फार प्रेमाने म्हणाली. — साहेबांचं ते लेखी उत्तर खरं होत चाललंय. त्यांनी लिहिलं आम्ही नाही, आणि —

२२ नोव्हेंबर
सरकारी विश्रामगृह, समिती इथेच उतरलीय. समितीच्या टेबलापाशी उभी आहे. कोणी बघत नाही. चाचांबद्दलचा माझा हाताने लिहिलेला कागद अध्यक्षांपुढे ठेवला — त्यावर चहाची बशी ठेवली त्यांनी. अहवाल तयार आहे. ‘सदस्यांचे समाधान झाले.’ थू. सही करतायत —

मी गेले तर गेले. पण म्हातारा तिथेच सडेल. त्यांच्या अहवालावरच लिहिलं — शाई उमटत नाही — या वहीत तरी — जैनुद्दीन होडेकर, पूर्णगड, निर्दोष, घरी सो