पाया पडणारी पोर

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पुढच्या गुरुवारी मानसतज्ज्ञ म्हणून माझा अहवाल द्यायचाय. बालकल्याण समितीला एकच उत्तर हवंय — सौंदर्याला कागलला मामाकडं परत पाठवायचं, की बालगृहातच ठेवायचं? सात वर्षांची पोर! आई गेल्यापासून मामाकडंच वाढलेली. शाळेतल्या बाईंना पाठीवर वळ दिसले म्हणून दिवाळीआधी इथं आणलं. मामा म्हणतो, झाडावरनं पडली. झाडावरून पडून वळ उठतात, हे मला नवीनच!

आज पहिली भेट. आली ती थेट माझ्या पायाशी. दोन्ही हातांनी पाय धरून नमस्कार. आमच्याकडं पावणे आले की पोरांना आधी पाया पडायलाच ढकलतात, त्यामुळं मला कौतुकच वाटलं. 'नम्र, वळण चांगलं' असं टिपून ठेवलं.

झोप लागते? — व्हय. भूक? — व्हय. भीती वाटते कशाची? — न्हाय. मामाकडं जायचंय? — "तुमी म्हणाल तसं."

हे शेवटचं उत्तर मला अजिबात आवडलेलं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मामा-मामी आले. प्रभुलिंग मामा एमआयडीसीत कामाला, रात्रपाळी करून थेट आलेला. भीती, दचकणं अशा लक्षणांची प्रश्नावली पालकांनी भरायची असते. महादेवी मामीनं सगळीकडं 'नाही'वर खूण केली. म्हणजे चोरालाच विचारायचं, बाबा रे, चोरी झाली का?

सौंदर्या दोघांच्याही पाया पडली. मामाचे पाय जरा जास्तच वेळ धरले.

"लई जीव हाय तिचा मामावर," मामी म्हणाली.

"पोरीला बघितलासा न्हवं?" मामा म्हणाला. "येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पाया पडती. मारून असलं वळण लागतंय व्हय, बाई?"

'मामाची ओढ' — मीही लिहून टाकलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

खेळताना कपाटाच्या कोपऱ्यावर आपटली. गुडघ्यातून रक्त! रडली नाही. आधी माझ्याकडं पाहिलं, मग फ्रॉकनं फरशी पुसायला लागली. अधीक्षक वर्षाराणी म्हणाल्या, "लई सोसणारी हाय ओ." या वयात सोसणारी कशाला असावं कुणी? राग येतोय, कुणाचा ते कळत नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

समितीच्या अध्यक्षबाईंचा फोन. "रडत नाही, घाबरत नाही, शहाणी पोर आहे. घरी पाठवून मोकळं होऊया. तुम्ही उगीच घोळ घालताय." माझ्या चाचण्यांचे निकालही त्यांच्याच बाजूनं! माझ्याकडं काय आहे? नुसता संशय. तो अहवालात लिहिता येत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज ती वाकली, आणि मी — भलं करायला गेले! — "अगं, इथं पाया नाही पडायचं" म्हणत पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

तोंड पांढरं पडलं तिचं. दोन्ही हात पोटावर घट्ट, अंगाचं मुटकुळं, पाठ भिंतीला. मी खाली फरशीवर बसले, लांबच. मग तीच म्हणाली, "पाय धरू द्या की."

"का गं?"

"धरल्यावर लाथ मारायला येत न्हाय."

आवाजात काही नाही. पाढा म्हणावा तसं म्हणाली.

घरी येऊन माझंच लिहिलेलं वाचलं. नम्र. वळण चांगलं. मामाची ओढ. लाज वाटली! सगळं खोडून नव्यानं लिहायला बसलेय.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

ऐकलं समितीनं! भांडले, आवाज चढवला, अध्यक्षबाई दोनदा म्हणाल्या "बसा खाली" — बसले नाही. कागलला पाठवायचं नाही, उपचार इथंच सुरू. बाहेर मामा ओरडत होता, "आमची पोर हाय, ह्या बाईचा काय संबंध?" ओरड म्हणावं!

कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. उद्या सकाळी मीच सांगणार तिला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सांगितलं. हसली नाही. विचार करून म्हणाली, "मग आता तेजस्वीला मारत्यात."

तेजस्वी म्हणजे मामाची मुलगी. तीन वर्षांची. त्या घरात ती आहे हे मला ठाऊक होतं, आणि एकदाही डोक्यात आलं नाही!

अध्यक्षबाई फोन उचलत नाहीत. वर्षाराणींनी गाडी काढलीय. कागलला निघतोय.