‘हेमलताई’ या नावातील शेवटचे अक्षर

मी, हेमलता अण्णासाहेब जगदाळे, अविवाहित, निवृत्त शास्त्रज्ञ, राहणार फरीदाबाद, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वखुशीने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला, आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर मागच्या महिन्यावरच अडकले आहे हेही सांगितले. दाखला त्यांनी लगेच दिला.

यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाल्यास तो माझा पुतण्या निखिल असेल. त्याच्या बोलण्यावर जाऊ नये.

१. प्रथम माझ्या कामाविषयी, कारण घरात आजवर कोणी विचारलेले नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंना राठ केसांच्या जुड्या असलेले किडे समुद्रात असतात. ते ओळखणे, त्यांचे वर्णन लिहिणे आणि नवी जात सापडली तर तिला शास्त्रीय नाव देणे, हे मी जन्मभर केले. सरकारने या कामाचे कार्यालय समुद्रापासून शक्य तितके लांब, म्हणजे फरीदाबादला थाटले. दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेल्या आणि समुद्र फक्त नकाशात पाहिलेल्या मुलीला तिथे नोकरी लागली, यात कोणालाच काही वावगे वाटले नाही. निखिल मला जंतांची डॉक्टर समजतो. लहानपणी त्याला जंत झाले तेव्हा वहिनींनी खरोखरच मला औषध विचारले होते.

२. आमचे संचालक गुलाबराव यांनी एकदा मला केबिनमध्ये बोलावून सांगितले, “मॅडम, एक अच्छा-सा किडा आमच्याही नावाने होऊन जाऊ दे.” मी होऊ दिला. हा किडा स्वतः घर बांधत नाही. दुसऱ्या किड्याने कष्टाने बांधलेल्या नळीत जाऊन राहतो आणि घरमालकाच्या तोंडाशी आलेले खातो. वर्णनात मी हे जसेच्या तसे लिहिले. गुलाबरावांनी वर्णन वाचले नाही, चित्र मात्र मोठे करवून, चौकट लावून खुर्चीमागे टांगले. निवृत्त होताना ते न्यायला विसरले, तेव्हापासून ते माझ्याकडे आहे. ते त्यांना घरपोच द्यावे, सोबत वर्णनाचा सोप्या मराठीतला अनुवाद द्यावा. कपाटात डाव्या हाताला आहे. माझ्या ज्या लेखांवर पहिले नाव त्यांचे आहे, ते लेख परत मागू नयेत. नळी त्यांना लखलाभ.

३. निखिलला मी माझे हस्तिदंती मुठीचे भिंग देते. तो दर दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन येतो आणि विचारतो, “आत्या, फ्लॅटचं काय ठरवलंस यार? पेपर क्लियर असले की टेन्शन नाही.” बारीक अक्षरातला मजकूर त्याला दिसत नाही, असा अनुभव आहे. खालचे कलम त्याने भिंग लावून वाचावे.

४. फरीदाबादचा फ्लॅट, त्यातील सामान, सूक्ष्मदर्शक आणि पुस्तके मी निखिलची बहीण रेवती हिला देते. ती दिल्लीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. एकच अट आहे. माझ्या मृत्यूनंतर वर्षाच्या आत तिने एखाद्या मान्यताप्राप्त नियतकालिकात एका पानाची टीप छापून आणावी आणि एका शास्त्रीय नावातले शेवटचे अक्षर दुरुस्त करावे. न केल्यास फ्लॅट निखिलला जाईल. त्यामुळे या बाबतीत त्याची मदत घेऊ नये.

५. आता ते अक्षर.

माझा सहकारी श्रीपाद खांबेटे आणि मी मालवणला ओहोटीच्या वेळी खडक तपासत होतो. मी एक दगड उलटला आणि खालच्या किड्याला उघड्या हाताने उचलले. हातमोजे घाला म्हणून सगळ्या कार्यालयाला बजावणारी मीच. त्या किड्याचे केस टोचतात आणि कातडीत मोडून राहतात. श्रीपाद चिमटा घेऊन समोर बसला आणि माझा तळहात हातात धरून एकेक केस काढू लागला. पाणी परत चढेपर्यंत तो काढत होता. सगळे निघाले, असे तो म्हणाला. मी नाही म्हटले. खरे तर निघाले होते.

किडा नवीन जातीचा निघाला. वर्णन श्रीपादने लिहिले आणि नाव माझे दिले. आपल्याच किड्याला आपले नाव देणे आमच्यात निर्लज्जपणाचे समजतात, म्हणून ते दुसऱ्या कोणीतरी द्यावे लागते. छापील अंक हातात आला तेव्हा मी खोलीचे दार लावून घेतले, हे लिहायला आता हरकत नाही. वर्णनात होते: “शरीर ताठ, स्वभाव एकांतप्रिय, डिवचल्यास केस फुलवतो.” कार्यालयात महिनाभर लोक माझ्याकडे पाहून खोकत होते. त्याचे मला काही वाटले नाही. नाव वाचले आणि अंक मिटला.

शास्त्रीय नावे लॅटिनच्या नियमाने होतात, आणि नियम साधा आहे. पुरुषाचे नाव दिले तर शेवटी ‘ई’ येतो, बाईचे दिले तर ‘ए’. श्रीपादने ‘हेमलताए’ लिहायला हवे होते. त्याने लिहिले ‘हेमलताई’.

मी त्याला जाब विचारला. तो खुशीत होता. म्हणाला, “अहो, नियम मला माहीत आहे! पण ‘ई’ लावला की बघा, आपोआप ताई होतं. बिल्कुल फिट बसतंय. आपल्या मराठी माणसालाच कळणार, बाकी जगाला पत्ता नाही. कशी आहे आयडिया, ताई?”

मी म्हटले, चांगली आहे.

अशा प्रकारे, ज्या माणसाकडून मला हे संबोधन अजिबात नको होते, त्याने ते लॅटिनमध्ये करून जगभरच्या ग्रंथालयांत पाठवले. पुढच्या हिवाळ्यात त्याने प्रभाशी लग्न केले. प्रभा चांगली बाई आहे. याचा मला फार त्रास झाला आहे.

आयुष्यभर मी इतरांनी दिलेल्या नावांची शेपटे दुरुस्त केली, या एका शेपटाला हात लावला नाही. स्वतःच्या नावासाठी भांडणे बरे दिसत नाही. रेवती म्हणते, “आत्या, राहू दे ना, किती स्वीट आहे!” स्वीट असेल, पण व्याकरणात बसत नाही. श्रीपाद कदाचित आक्षेप घेईल, की हे मराठी संबोधन आहे, त्याला लॅटिन शेपूट लागतच नाही. मात्र तसे त्याने लेखात छापलेले नाही, आणि आमच्या शास्त्रात छापले नाही ते नाही. मीही कधी काही छापले नाही.

‘ई’ काढून ‘ए’ लावावा. आपल्यात जवळच्या माणसाला ‘ए’ म्हणूनच हाक मारतात, हा केवळ योगायोग समजावा.

६. अंत्यविधी विद्युतदाहिनीत करावा. शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर श्रीपादला बोलायला उभे करू नये, तो “आमच्या ताई” म्हणून सुरुवात करील.

७. वकील म्हणाले, ज्याला काही द्यायचे असेल त्याला साक्षीदार करू नये. श्रीपादला देण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही, म्हणून त्याला साक्षीदार केले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त समोर बसून पाहायचे असते. ते त्याला पूर्वीपासून जमते.

वरील सर्व मी वाचून, समजून, खालील दोघांच्या समक्ष सही केली आहे.

ठिकाण: फरीदाबाद
दिनांक: १४ डिसेंबर २०२४

(सही) हेमलता अण्णासाहेब जगदाळे

साक्षीदार:

१. माझ्या शेजारी राहणाऱ्या हेमलता जगदाळे यांनी माझ्यासमोर सही केली.
(सही) हरीश बोंद्रे

२. हेमलताईंनी माझ्यासमोर सही केली. पेन नीट चालत नव्हते म्हणून माझे दिले.
(सही) श्रीपाद खांबेटे

टीप: दुसऱ्या साक्षीदाराने माझे नाव पुन्हा चुकीचे लिहिले आहे. दस्तात खाडाखोड चालत नाही, म्हणून या पानावर ते तसेच राहू दिले आहे. पेन परत करायचे राहिले. ते माझ्याबरोबर जाईल.
(सही) हे. अ. ज.