उभ्या गाडीचं पेट्रोल

अहो,

गाडी मी गॅरेजला नेलीय. किल्ली शोधत बसू नका.

महिनाभर तुमचं एकच पालुपद, "गाडी म्हातारी झालीय, पेट्रोल ढोसते." म्हणून मी एअर फिल्टर बदलून घेतला, चाकांत हवा भरली, डिकीतलं तुमचं डोंगर चढायचं सामान उतरवलं. तरी टाकी रिकामीच! गॅरेजवाले मिस्टर प्यो म्हणाले, "बाई, ही फारशी चाललेलीच नाही. उभ्या-उभ्या इंजिन चालू असतं हिचं. आणि सायलेन्सरला भोक आहे, धूर आत येतो. काचा लावून बसत जाऊ नका." मी हसले. म्हटलं, उभ्या गाडीत कोण कशाला बसेल?

काल दुपारी एका परक्या माणसाचा फोन आला. गाडी कुणाला आडवी आली तर कळवायला काचेमागे लावलेल्या पाटीवर अजून माझाच फोन नंबर आहे, विसरलात ना? "हान नदीकाठी तुमची गाडी आडवी लागलीय. आत कुणीतरी कोट-टाय घालून झोपलंय. काच ठोकली तरी उठत नाहीत."

मी केवढ्यांदा ओरडले, ठोकत राहा म्हणून!

"उठले," तो म्हणाला, तेव्हा कुठे मी खाली बसले.

संध्याकाळी तुम्ही येऊन म्हणालात, "आज ऑफिसात मान वर करायला फुरसत नव्हती." मी ताट वाढलं.

आज मेट्रोने ऑफिसला जा, असं लिहिणार होते. नाही लिहीत. किमचीचा रस्सा शेगडीवर आहे. हारिमला काही बोलले नाही. घरातला हीटर चालू ठेवलाय. कोट काढा आणि इथेच बसा.

— हारिमची आई