तपकिरी स्वेटर

८ मार्च

वहिनींना साष्टांग नमस्कार.

पहिल्या कागदावर सवयीने 'सौ.' लिहून बसलो. तो फाडला.

मी बरा आहे. पायाची बोटं वाचली. नौदलाने कचेरीत बसवलंय, दिवसभर नकाशांवर शिक्के मारतो. चीफ असते तर म्हणाले असते, "बोट बुडवलीस, आता टेबल तरी नीट सांभाळ!"

तुमचं पत्र महिनाभर खिशात आहे. एकच विचारलंत, "शेवटी ह्यांच्या अंगात मी विणलेला स्वेटर होता ना? तेवढं कळलं तरी पुरे." त्यानंतर मी दोन पत्रं लिहिली आणि दोन्हींत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. तुम्ही ओळखलं असेलच.

शत्रूच्या कैदी छावणीत थंडी जीवघेणी होती. पण चीफना विचारलं की छाती काढून सांगायचे, "अरे, बॉयलरपाशी जन्म गेला माझा! मला कसली थंडी?" सगळी बराक हसायची.

पळायचं दोघांनी ठरवलं होतं. पण बोट बुडताना मोडलेला त्यांचा गुडघा धड जुळलाच नाही. छावणीची भिंत बांधायला बाहेरून गवंडी यायचे आणि दुपारी जेवायला गेटाबाहेर जायचे. त्यांच्यात मिसळून निघायचं, पण अंगावर नौदलाची वर्दी दिसली की जागच्या जागी धरणार. वर्दी सोडून दुसरा कपडा अख्ख्या बराकीत एकच होता. तुमचा स्वेटर.

चीफनी तो काढला आणि माझ्या डोक्यातून घातला. बाह्यांत हातसुद्धा त्यांनीच घातले, लहान पोराचे घालतात तसे. म्हणाले, "हिला सांगू नकोस हं, सोलून काढील मला."

"आणि तुम्हाला थंडी?"

"अरे लेका, बॉयलर! नीघ आता."

वहिनी, त्यांचे ओठ निळे पडले होते. मला दिसत होते. तरी मी ते बॉयलरचं खरं मानलं, कारण मला ते सोयीचं होतं. खांद्यावर रिकामं पोतं टाकून मी पहारेकऱ्यासमोरून चालत गेलो.

मागून सुटून आलेल्या वायरलेसवाल्याने सांगितलं की सहा आठवड्यांनी त्यांना न्यूमोनिया झाला. कुणी पांघरूण द्यायला गेलं की शेवटपर्यंत बॉयलरचंच सांगायचे.

नाही वहिनी. स्वेटर त्यांच्या अंगात नव्हता, माझ्या अंगात होता. तुमचं पत्र येईपर्यंत मी तो घालतही होतो.

सोबत पाठवतोय. डावी बाही पुढे वाटेत एका कुंपणाला अडकून उसवली आहे. सुई घेऊन बसलो होतो, पण हात लावायची हिंमत झाली नाही.

अजून तसं म्हणाल, तर
तुमचा भाऊजी